चावीवाल्याची रक्कम कशावर ठरते: बोलावण्यापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

वाऱ्याने दार आपटून बंद होते, किल्ली आत राहते आणि बाहेर उभा असलेला माणूस मोबाइलवर सापडेल तो पहिला क्रमांक लावतो. पलीकडून सांगितलेला आकडा कमी वाटतो, होकार दिला जातो आणि काम संपल्यावर मागितलेली रक्कम मात्र त्या आकड्याच्या कितीतरी पट निघते. असा अनुभव आलेली माणसे जवळपास प्रत्येक सोसायटीत भेटतात. चावीवाल्याच्या कामाला छापील दरपत्रक नाही, भारतात या व्यवसायासाठी वेगळा सरकारी परवाना लागत नाही आणि गरज बहुधा अशा घडीला पडते की चार ठिकाणी चौकशी करण्याची सवड नसते; त्यामुळे हा दर मनाला येईल तसा लावला जातो, अशी समजूत पक्की झाली आहे. ती पूर्णपणे खरी नाही. कुलपाचा प्रकार, ते कोणत्या स्थितीत बंद झाले आहे, न फोडता उघडता येते की नाही, लागणारे सामान, अंतर आणि वेळ यांवर रक्कम बरीचशी ठरते, आणि यांपैकी बहुतेक गोष्टी फोन लावण्यापूर्वी आपल्याला स्वतः पाहता येतात.

या लेखाचा मुख्य आग्रह एकच आहे. ‘दार उघडायचे किती घ्याल?’ हा प्रश्न अपुरा आहे. दार उघडले, कुलूप शाबूत आहे किंवा त्या जागी नवे बसले आहे आणि चालणारी किल्ली हातात आहे, या स्थितीपर्यंत येण्यास एकूण किती खर्च होईल, असे विचारायला हवे. या दोन प्रश्नांच्या उत्तरांमध्ये जो फरक असतो, त्यातच बहुतेक वाद जन्माला येतात.

एक गोष्ट मात्र पैशाच्या आधी येते. आत लहान मूल अडकले असेल, गॅस चालू राहिला असेल किंवा आतली वृद्ध वा आजारी व्यक्ती हाकेला उत्तर देत नसेल, तर भाव ठरवत बसू नये. अग्निशमन दलाला १०१ किंवा आपत्कालीन मदतीला ११२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत अग्निशमन दलाचे जवान अशा प्रसंगी दारे उघडण्याचे काम नेहमी करतात.

रकमेचे घटक

चावीवाला जी रक्कम सांगतो, तिच्यात साधारणपणे चार गोष्टी मिसळलेल्या असतात: तुमच्यापर्यंत येण्याचे पैसे, हाताच्या कसबाची मजुरी, लागलेल्या सामानाची किंमत आणि अवेळी बोलावल्याचा वाढीव आकार. यांपैकी येण्याचे पैसे, म्हणजे ज्याला सगळेच जण व्हिजिट चार्ज म्हणतात, ते काम झाले नाही तरी द्यावे लागतात. आणि ते रास्तही आहे, कारण आपले दुकान किंवा पदपथावरची बैठक बंद करून तो माणूस आपल्याकडे आलेला असतो, त्या वेळात येणारी बाकीची गिऱ्हाइके त्याच्या हातून गेलेली असतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा फोनवर फक्त हाच आकडा सांगितला जातो आणि ऐकणारा त्याला पूर्ण कामाचा भाव समजतो. म्हणून पहिल्याच संभाषणात ‘यात काय काय धरले आहे?’ असे स्पष्ट विचारावे. मजुरी आणि सामान वेगवेगळे सांगायला जो चावीवाला तयार असतो, त्याच्याशी पुढचा व्यवहार सहसा सुरळीत होतो.

दार कसे बंद झाले आहे, ते आधी पाहा

रकमेवर सर्वांत मोठा परिणाम करणारी ही गोष्ट असूनही फोन करणारे तिच्याविषयी क्वचितच बोलतात.

शहरी सदनिकांच्या मुख्य दाराला बहुधा लॅच असते. दार नुसते आपटून बंद झाले असेल, तर त्या लॅचचा तिरप्या तोंडाचा, स्प्रिंगवर चालणारा बोल्ट तेवढा चौकटीत गेलेला असतो. तिरपे तोंड असल्यामुळे तो योग्य बाजूने दाबला की मागे सरकतो; दार आणि चौकट यांच्या फटीतून पातळ पण चिवट प्लॅस्टिकची पट्टी किंवा वाकवलेली तार घालून अनुभवी माणूस असे दार थोड्या वेळात आणि कुठेही ओरखडा न पाडता उघडू शकतो. हे सगळ्यांत कमी खर्चाचे काम. याउलट, बाहेर पडताना किल्ली फिरवून लॅच पूर्ण बंद केले असेल आणि मग ती किल्ली हरवली असेल, तर बोल्ट आत अडकून बसतो आणि ढकलून मागे जात नाही. आता कुलपाच्या आतल्या यंत्रणेशीच झुंजावे लागते आणि मजुरी वाढते. त्यामुळे ‘दार आपटून बंद झाले आहे, किल्ली फिरवलेली नाही’ हे एक वाक्य फोनवर सांगितले, तरी भाव बदलू शकतो.

तिसरी स्थिती याहून वेगळी असते. दाराला आतून कडी किंवा टॉवर बोल्ट लागलेला असेल, तर कुलूप उघडूनही दार उघडणार नाही. खिडकी, बाल्कनी किंवा शेजारच्या घराकडची बाजू यांचा विचार करावा लागतो, कधी सुताराला बोलवावे लागते. ही माहिती न देता चावीवाल्याला बोलावले, तर येण्याचे पैसे वाया जातात.

बाहेर जाळीचे लोखंडी सेफ्टी डोअर असेल आणि तेही बंद झाले असेल, तर काम दुप्पट होते. मात्र जाळीतून हात किंवा तार आत जात असेल, तर तेच काम सोपे होते. दार आणि चौकट यांच्यातील फट किती आहे, चौकटीला बाहेरून लाकडी पट्टी मारलेली आहे का, याचाही परिणाम होतो. शक्य असल्यास दाराचा, कुलपाच्या बाहेरच्या बाजूचा आणि फटीचा असे तीन फोटो काढून पाठवावेत. कसबी चावीवाला फोटो पाहून निम्मे काम मनात करून मोकळा होतो, आणि त्याने सांगितलेला आकडा नंतर फारसा बदलत नाही.

कुलपाच्या आत काय आहे, याचाही मजुरीवर परिणाम होतो. आपल्याकडच्या जुन्या आणि भक्कम टाळ्यांमध्ये लीव्हर असतात. पट्ट्यांसारखे हे धातूचे तुकडे किल्लीने नेमक्या उंचीपर्यंत उचलले गेले तरच बोल्ट सरकतो. प्रत्येक लीव्हर कमी उचलला किंवा जास्त उचलला तरी कुलूप उघडू नये, ही युक्ती इंग्लंडमधील रॉबर्ट बॅरन यांच्या १७७८ च्या पेटंटपासून चालत आली आहे. टाळ्यावर पाच, सहा, सात किंवा आठ लीव्हर असे लिहिलेले असते. आकडा जितका मोठा, तितके किल्लीविना उघडणे अवघड. लॅच आणि आधुनिक दाराच्या कुलपांमध्ये बहुधा पिनांचा सिलिंडर असतो, म्हणजे किल्ली जात असलेला आणि आत स्प्रिंगवरच्या बारीक पिना असलेला भाग, जो अमेरिकेतील धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात आजच्या रूपाच्या जवळ आणला. साधा पाच पिनांचा सिलिंडर सरावाच्या हाताला फार वेळ अडवत नाही. पण किल्लीच्या कडेवर दाते असण्याऐवजी तिच्या सपाट अंगावर खळगे असतील, म्हणजे ती डिंपल किल्ली असेल, तर पिना अधिक आणि निरनिराळ्या दिशांना असतात, आणि असा सिलिंडर उघडणारे कारागीर कमी असल्यामुळे दर वाढतो. चांगल्या कुलपासाठी आपण आधी दुकानात जास्त पैसे मोजलेले असतात. किल्ली हरवल्यावर ते उघडण्यासाठीही जास्त मोजावे लागतात, हे त्या सुरक्षिततेचेच दुसरे अंग आहे.

डिजिटल कुलूप असेल, तर चावीवाल्याला फोन करण्यापूर्वी थोडे थांबावे. अशा बहुतेक कुलपांना, बॅटरी पूर्ण उतरली असल्यास, बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवण्याची किंवा पॉवर बँक जोडण्याची सोय असते, आणि अनेकांना झाकणाखाली लपवलेले किल्लीचे भोकही असते. कंपनीच्या सेवा केंद्राचा क्रमांक घराबाहेर, म्हणजे मोबाइलमध्ये किंवा नातेवाइकांकडे असावा. बाहेरच्या माणसाने कुलूप खोलल्यास हमी रद्द होऊ शकते, आणि मग सुट्या भागांचा पूर्ण खर्च अंगावर पडतो.

उघडणे आणि फोडणे

न फोडता कुलूप उघडणे हे कसब आहे. ड्रिल मारून किंवा ग्राइंडरने कापून ते निकामी करणे हे त्या मानाने सोपे काम आहे. तरीही सोपे काम शेवटी महाग पडते. एक कल्पित हिशेब करून पाहू. समजा, एक चावीवाला न फोडता उघडण्याचे ८०० रुपये सांगतो आणि दुसरा ४०० रुपयांत दार उघडून देण्याची तयारी दाखवतो. दुसऱ्याने ड्रिल मारले, तर नव्या लॅचचे समजा २,००० रुपये आणि ते बसवण्याचे ३०० रुपये धरून एकूण २,७०० रुपये होतात. नव्या लॅचची मापे जुन्याशी जुळली नाहीत, तर दारावर जुनी भोके उघडी पडतात आणि सुताराचा खर्च आणखी वेगळा. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. पण गणिताची जात बहुतेक वेळा हीच असते.

येथे ग्राहकाच्या मनातील एका गैरसमजाविषयी स्पष्ट बोलायला हवे. एखाद्याने दार दोन मिनिटांत उघडले, की ‘एवढ्याशा कामाचे इतके पैसे?’ असे आपण विचारतो. तासभर खटाटोप करून, घामाघूम होऊन ज्याने कुलूप फोडले, त्याला मात्र कुरकुर न करता पैसे देतो. मजुरी वेळेवरून मोजण्याची ही सवय आपल्याच नुकसानीची आहे, कारण अशाने हात बसलेल्या माणसाला त्याच्या कसबाचा मोबदला मिळत नाही आणि ड्रिल घेऊन येणाऱ्याचे फावते. वर्षानुवर्षे बोटांनी पिना ओळखायला शिकलेल्या कारागिराला दोन मिनिटांचेही पूर्ण पैसे आनंदाने द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

कधी कधी फोडणे खरोखर अपरिहार्य असते. कुलूप आतून गंजून जाम झाले आहे, आतला भाग तुटला आहे किंवा सिलिंडर उच्च सुरक्षेचा आहे, अशा वेळी प्रामाणिक चावीवालाही तसे सांगेल. मात्र आल्या आल्या, कुलपाला हातही न लावता जो ड्रिल बाहेर काढतो, त्याला थांबवण्याचा आणि केवळ येण्याचे पैसे देऊन परत पाठवण्याचा आपल्याला अधिकार आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावे. तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनेच फोनवर अतिशय कमी आकडा सांगून दारात आल्यावर लगेच ड्रिलचा आग्रह धरणाऱ्यांपासून ग्राहकांना सावध केले आहे.

फोडावेच लागले, तर काय बदलायचे हे नीट ठरवावे. अनेक आधुनिक दारांमध्ये मॉर्टिस कुलूप दाराच्या जाडीत बसवलेले असते आणि किल्लीचा सिलिंडर त्यातून वेगळा काढता येतो. दाराच्या कडेला दिसणारा एक लांब स्क्रू सोडवला आणि किल्ली किंचित फिरवली, की सिलिंडर बाहेर येतो. केवळ सिलिंडर बदलून काम भागत असताना हँडल आणि पेटीसह सगळे कुलूप बदलायला लावले जात असेल, तर कारण विचारावे. नवा सिलिंडर घेताना त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये वेगवेगळी मोजावी लागते. माप चुकले, तर सिलिंडर बाहेर डोकावतो आणि पक्कडीने पकडून तोडणे चोराला सोपे जाते. भाड्याच्या किंवा नव्याने विकत घेतलेल्या जुन्या घरात राहायला जाताना, आधीच्यांकडे किती किल्ल्या आहेत हे कळत नसल्यामुळे, हाच सिलिंडर बदलण्याचा मार्ग स्वस्त आणि पुरेसा ठरतो. भाडेकरूने मात्र घरमालकाला विचारूनच तो बदलावा.

किल्ली बनवण्याचा खर्च

मूळ किल्ली हातात असताना तिची नक्कल काढणे आणि किल्ली नसताना कुलपावरून नवी बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यांच्या दरांतही मोठे अंतर असते. नक्कल काढताना चावीवाला कोरी किल्ली, म्हणजे ब्लँक, यंत्रावर लावून मूळ किल्लीप्रमाणे कापतो आणि कानशीने कडा साफ करतो. ब्लँक कोणत्या धातूचा आणि कोणत्या घाटाचा आहे, यावर किंमत ठरते. सर्वत्र चालणाऱ्या लॅचचा ब्लँक प्रत्येक टपरीत मिळतो, पण क्वचित दिसणाऱ्या परदेशी बनावटीच्या कुलपाचा शोधावा लागतो. डिंपल किल्लीसाठी वेगळे यंत्र लागते आणि ते प्रत्येकाकडे नसते. काही कंपन्यांच्या उच्च सुरक्षेच्या किल्ल्यांबरोबर एक कार्ड मिळते आणि ते दाखवल्यावरच कंपनी नक्कल देते. ते कार्ड घराबाहेर नेण्याच्या पाकिटात ठेवू नये.

मूळ किल्ली नसेल, तर कारागीर कोरी किल्ली दिव्यावर धरून तिला काजळी आणतो, कुलपात घालून हलक्या हाताने फिरवतो आणि काजळीवर उमटलेल्या खुणा पाहून कानशीने थोडे थोडे घासत जातो. हे पुन्हा पुन्हा करावे लागते. ज्याने हे काम एकदा जवळून पाहिले आहे, तो त्याच्या मजुरीवरून घासाघीस करणार नाही.

किल्ली कुलपात तुटली असेल, तर दोन चुका हटकून केल्या जातात: दुसरी किल्ली आत ढकलली जाते किंवा तुटक्या तुकड्याला चिकटवण्यासाठी फेव्हिक्विकसारखा गोंद लावला जातो. दोन्हींमुळे साध्या चिमट्याने निघणारा तुकडा आत रुतून बसतो आणि शेवटी कुलूप बदलावे लागते. तुकडा हाताने निघत नसेल, तर कुलपाला हात न लावता चावीवाल्याला बोलवावे आणि हातातला अर्धा तुकडा जपून ठेवावा. दोन्ही तुकडे जुळवून त्यांवरून नवी किल्ली कापता येते.

गाडीची किल्ली

जुन्या स्कूटरची किंवा मोटारसायकलची किल्ली बनवणे तुलनेने सोपे आहे. मोटारीची गोष्ट वेगळी. गेल्या काही वर्षांतील बहुतेक मोटारींच्या किल्लीच्या मुठीत एक छोटी चिप असते आणि गाडीतील इमोबिलायझर ती चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही. त्यामुळे धातूचे पाते हुबेहूब कापले, तरी त्या किल्लीने फार तर दार उघडते, गाडी सुरू होत नाही. चिप गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवावी लागते. त्यासाठी लागणारे यंत्र आणि त्याची अद्ययावत माहिती चावीवाल्याने मोठे पैसे घालून घेतलेली असते, आणि तो खर्च दरात दिसतो.

एक किल्ली हाताशी असताना दुसरी बनवणे आणि सगळ्या किल्ल्या हरवल्यावर नवी बनवणे यांत खर्चाचा फरक फार मोठा असतो, कारण दुसऱ्या प्रसंगी काही गाड्यांचे नियंत्रण यंत्र सोडवून तपासावे लागते किंवा गाडी टोचन करून कंपनीच्या कार्यशाळेत न्यावी लागते. म्हणून दोनपैकी एक किल्ली हरवली, की उरलेली सांभाळत बसण्याऐवजी लगेच दुसरी करून घेणे हिताचे आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांची स्मार्ट किल्ली याहूनही महाग असते. चावीवाल्याकडे जाण्यापूर्वी विमा पॉलिसी उघडून पाहावी. मोटार विम्यात किल्ली बदलण्याचे जोडसंरक्षण किंवा रस्त्यावरील मदतीची सोय घेतलेली असेल, तर खर्चाचा भाग तिथून मिळू शकतो. दाव्यासाठी किल्ली हरवल्याची पोलिसांकडील नोंद बहुधा मागितली जाते, त्यामुळे ती वेळेवर करून ठेवावी.

गाडीचे दार उघडून मागणाऱ्याकडे चांगला चावीवाला नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मागेल. याचा राग मानू नये. डिजिलॉकरमधील प्रमाणपत्र दाखवले, तरी काम होते. काहीही न विचारता कुणाचीही गाडी उघडून देणारा माणूस उद्या आपलीही गाडी दुसऱ्याला उघडून देईल.

कपाट, तिजोरी आणि बँकेचा लॉकर

लोखंडी कपाटाचे हँडल फिरत नसेल, तर दोष दर वेळी कुलपात नसतो. कपाट असमान फरशीवर उभे असेल किंवा वरच्या कप्प्यांत जड सामान कोंबले असेल, तर दारे वाकडी बसतात आणि वर-खाली सरकणाऱ्या सळ्या अडकतात. कपाटाच्या एका पायाखाली पातळ लाकडी चिपी घालून सरळ केल्यावर, एक रुपयाही खर्च न होता, ते उघडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. टेबलाच्या खणांच्या आणि कार्यालयीन कपाटांच्या कुलपांवर अनेकदा क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून नवी किल्ली मिळवता येते, म्हणून तो क्रमांक लिहून ठेवावा.

घरातील तिजोरी मात्र रस्त्यावरच्या माणसाला सोपवू नये. तिचे काम निर्मात्या कंपनीच्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, दर जास्त असला तरी. बँकेच्या लॉकरबाबत तर पर्यायच नसतो. किल्ली हरवल्यास बँकेला लगेच लेखी कळवावे लागते, लॉकर बँकेच्या अधिकृत तंत्रज्ञाकडूनच उघडला जातो, आणि रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ मधील सूचनांनुसार लॉकर उघडणे, कुलूप बदलणे आणि किल्ली नव्याने देणे यांचा खर्च बँक ग्राहकाकडून घेऊ शकते.

वेळ, अंतर आणि ऋतू

रात्री अकरानंतर, सणाच्या दिवशी किंवा मुसळधार पावसात बोलावल्यास जास्त पैसे द्यावे लागणे स्वाभाविक आहे. किती जास्त, हे मात्र आधी ठरवावे. अनंत चतुर्दशीला पुण्याच्या पेठांमधील रस्ते विसर्जन मिरवणुकीसाठी बंद असतात, तेव्हा दुचाकीवरून येणाऱ्यालाही लांबून चालत यावे लागते. जवळच्या चौकातील टपरीवाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ‘चोवीस तास सेवा’वाल्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो, आणि पुढच्या वेळी तो सापडतोही. जर नातेवाइकांकडे रात्र काढणे शक्य असेल आणि घरात कुणी अडकलेले नसेल, तर सकाळपर्यंत थांबण्याने वाढीव आकार वाचतो.

पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात आणि लॅच नीट लागेनासे होते. हा दोष सुताराच्या रंध्याने दूर होतो, कुलूप बदलून होत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत लोखंडी भाग लवकर गंजतात, म्हणून तिथे पितळी टाळी जास्त टिकतात. पिनांच्या सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल कधीही घालू नये, कारण त्यावर धूळ बसून चिकट थर होतो. पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड, म्हणजे ग्रॅफाइट, किल्लीला लावून ती काही वेळा आत-बाहेर केली तर कुलूप मोकळे होते.

फोनवर काय सांगावे, काय विचारावे

आपण कुठे आहोत, कुलूप कोणत्या प्रकारचे आहे, दार आपटून बंद झाले की किल्ली फिरवून, किल्ली आत आहे की हरवली, सेफ्टी डोअर आहे का, हे सर्व सुरुवातीलाच सांगावे. मग विचारावे: न फोडता उघडता येईल का, त्याचे येण्याच्या पैशांसह एकूण किती, आणि फोडावे लागलेच तर तेव्हा किती. नव्या कुलपाचे सामान तो आणणार की आपण दुकानातून घ्यायचे, हेही ठरवावे. आपण स्वतः घेतल्यास पावती आणि हमी आपल्या हाती राहते. ठरलेला आकडा व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून त्याचा होकार घ्यावा. एवढ्या साध्या नोंदीने दारातली बाचाबाची टळते.

क्रमांक शोधताना इंटरनेटवरील पहिल्याच जाहिरातीवर विसंबू नये. सोसायटीचे व्यवस्थापक, वॉचमन किंवा हार्डवेअरचे दुकानदार यांच्याकडे ओळखीच्या चावीवाल्याचा क्रमांक असतोच, आणि संकट येण्याआधीच तो जतन करून ठेवणे सोपे आहे. येण्याआधी ‘बुकिंग’ म्हणून लिंकवर पैसे भरायला सांगणारा किंवा मोबाइलचा पडदा दिसेल असे ॲप उतरवून घ्यायला सांगणारा माणूस चावीवाला नसतो. तशी फसवणूक झाली, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवले, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

काम चालू असताना आणि पैसे देताना

गल्लीतून हाक देत फिरणाऱ्या अनोळखी माणसाला दागिन्यांच्या कपाटाची किल्ली बनवायला बसवणे टाळावे. घरातील व्यक्तीला तेल गरम करून आणण्यासारखे काहीतरी निमित्त सांगून आत पाठवायचे, तेवढ्यात ऐवज काढायचा, आणि ‘किल्ली बसायला वेळ लागेल, संध्याकाळपर्यंत कपाट उघडू नका’ असे सांगून निघून जायचे, अशा चोऱ्यांच्या बातम्या महाराष्ट्रातील वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. यात कष्टाने पोट भरणाऱ्या चावीवाल्यांची बदनामी होते, ही गोष्ट मला फार खटकते. ओळखीचा माणूस बोलवावा, काम संपेपर्यंत दोघांनी समोर बसावे, कपाट त्याच्या समोरच उघडून आतील वस्तू तपासाव्यात आणि तयार झालेल्या सगळ्या किल्ल्या, फुकट गेलेल्या कोऱ्या किल्लीसह, ताब्यात घ्याव्यात. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी शेजाऱ्यांना बोलावून घ्यावे. फोडलेल्या कुलपाचे भाग मागून घ्यावेत. फोडणे खरोखर गरजेचे होते का, हे दुसऱ्या जाणकाराला त्यावरून सांगता येते.

पावतीच्या बाबतीत थोडा समजूतदारपणा हवा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे टपरीवरच्या चावीवाल्याने जीएसटीची पावती दिली नाही म्हणून तो लबाड ठरत नाही. साध्या कागदावर तारीख, काम, रक्कम आणि सही मिळाली, तरी पुरते. मात्र जो जीएसटीचे पैसे मागतो, त्याच्या पावतीवर १५ अक्षरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो महाराष्ट्रात २७ ने आणि गोव्यात ३० ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करता येत नाही.

ठरल्यापेक्षा फार जास्त रक्कम मागितली गेली, तर आवाज न चढवता लिहिलेला संदेश दाखवावा आणि वाढीचे कारण विचारावे. कारण पटण्यासारखे असेल, म्हणजे कुलूप आतून तुटलेले निघाले असेल किंवा वेगळा सुटा भाग लागला असेल, तर तेवढे वाढवून द्यावे. कारण नसेल, तर ठरलेली रक्कम यूपीआयने भरावी, म्हणजे तिची नोंद राहते. समोरचा धमकावत असेल, तर वॉचमनला बोलवावे आणि ११२ ला फोन करावा. नंतर दाद मागायची असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत फोटो, संदेश, पैसे भरल्याची नोंद आणि कुलपाचे भाग जोडता आले, तर म्हणणे मांडणे सोपे जाते.